एमएसचं निदान झाल्यावर: कागद, औषधं आणि माणसं कोणत्या क्रमाने जमवायची

ज्यांच्या केसपेपरवर नुकतंच 'मल्टिपल स्क्लेरोसिस' (एमएस) लिहिलं गेलंय, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. मी स्वतः एमएस घेऊन बरीच वर्षं राहते आहे. नोकरी, स्वयंपाकघर, गणपतीत गावी जाणं हे सगळं चालू आहे, वेळापत्रक तेवढं बदललं. मी डॉक्टर नाही. खाली औषधांची नावं येतील, ती तुम्हाला डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून. वाचून स्वतःच औषध बदलायला घेऊ नका.

आजार थोडक्यात असा: आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांच्यातल्या मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण खराब करते. कुठलं ठिकाण बिघडलं त्यावर लक्षण ठरतं: एका डोळ्याने धूसर दिसणं, पायाला मुंग्या, तोल जाणं, लघवीची घाई. बहुतेकांना हा आजार २० ते ४० या वयात गाठतो, आणि बायकांना पुरुषांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात. सुमारे ८५ टक्के लोकांमध्ये सुरुवात 'रिलॅप्सिंग-रेमिटिंग' प्रकाराने होते, म्हणजे झटका येतो, ओसरतो, मध्ये बरा काळ जातो. आजार संसर्गाने पसरत नाही.

आता मुद्द्याचं. एमएसचा माणूस बरेचदा धडधाकट दिसतो. विमा कंपनी, अपंगत्व मंडळ, ऑफिसातले साहेब, घरातल्या आत्याबाई, सगळे डोळ्यांना दिसतं तेवढंच धरतात. त्यामुळे पुढे लागणारे कागद आणि पुढे लागणारी माणसं बरं वाटत असतानाच जमवावी लागतात. पुढचे टप्पे त्याच हिशोबाने लावलेत.

१. निदान पक्कं करून घ्या

एमएस सांगणारी एकच एक रक्ततपासणी नाही. डॉक्टर मॅकडोनाल्ड निकष वापरतात. ते २००१ मध्ये ठरले आणि नंतर अनेकदा सुधारले गेले. मूळ विचार साधा आहे: मज्जासंस्थेत वेगवेगळ्या ठिकाणी, आणि बहुधा वेगवेगळ्या वेळीही, इजा झाल्याचा पुरावा हवा, आणि दुसरं काही कारण नाही याची खात्री हवी. त्यासाठी मेंदू आणि मणक्याचा एमआरआय, पाठीतलं पाणी काढून ऑलिगोक्लोनल बँड नावाच्या प्रथिनांची तपासणी आणि डोळ्यांची व्हीईपी तपासणी (डोळ्यांपासून मेंदूपर्यंत संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) होते.

'दुसरं काही कारण नाही' हा भाग आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. बी-१२ ची कमतरता, टीबी, ल्युपससारखे आजार यांतही मिळतीजुळती लक्षणं येतात. शुद्ध शाकाहारी घरात बी-१२ तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. त्याहून मोठा प्रश्न एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) आणि मॉग-संबंधित आजारांचा. हे मज्जासंस्थेचेच, पण वेगळे प्रतिकारशक्तीचे आजार. ते एमएससारखे दिसतात, पण त्यांचे उपचार वेगळे असतात. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार बळावू शकतो. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, "अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडी तपासायला हव्यात का?" तपासणी होणार असेल तर ती 'सेल-बेस्ड' पद्धतीने होते का हेही विचारा, ती जास्त भरवशाची आहे.

दुसरं मत घ्यायला संकोच करू नका. मोठ्या शहरांतल्या सरकारी आणि पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, उदाहरणार्थ मुंबईत केईएम किंवा गोव्यात बांबोळीला, न्यूरॉलॉजीची ओपीडी असते. रांग मोठी असते, पण एमएस आणि त्याची भावंडं पाहिलेले डॉक्टर तिथे भेटतात.

२. एक फाइल उघडा, आजच

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला रिपोर्टचा फोटो म्हणजे रिपोर्ट नव्हे. एक जाड क्लिप-फाइल आणि एक पेन ड्राइव्ह घ्या. फाइलमध्ये हे असावं:

- पहिल्या लक्षणाच्या वेळचा केसपेपर, मग तो गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांचा का असेना. आजार कधी सुरू झाला हा प्रश्न विम्यात नेमका याच कागदावर येऊन अडतो.
- प्रत्येक एमआरआयचा रिपोर्ट, फिल्म आणि मूळ चित्रांची सीडी किंवा पेन ड्राइव्ह. नुसत्या रिपोर्टवरून जुन्या-नव्या डागांची (एमआरआयवर दिसणाऱ्या इजांच्या खुणांची) तुलना करता येत नाही.
- पाठीच्या पाण्याचा, व्हीईपीचा आणि अँटिबॉडीचा रिपोर्ट.
- प्रत्येक डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची पक्की बिलं. इंजेक्शनच्या खोक्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर बिलासोबत चिकटवून ठेवा.
- न्यूरॉलॉजिस्टचं लेटरहेडवरचं, सही-शिक्क्याचं पत्र. त्यात निदान, आजाराचा प्रकार, निदानाची तारीख आणि ईडीएसएस गुण असावेत. ईडीएसएस ही ० ते १० अशी मोजपट्टी आहे, चालण्यावर तिचा जास्त भर असतो.
- आधार, रेशनकार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.
- एका पानावर तुमची स्वतःची तारीखवार नोंद: काय झालं, किती दिवस राहिलं, काय दिलं.

हे शेवटचं पान सगळ्यात कामाचं. सरकारी ओपीडीत तुमच्या वाट्याला काही मिनिटं येतात. तेवढ्यात डॉक्टर ते एक पान वाचतात, फाइल वाचत नाहीत. पुढचे एमआरआय शक्यतो त्याच सेंटरमध्ये, त्याच मशिनवर काढा. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन) देणार असतील तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, तपासतात, तो रिपोर्ट सोबत न्या म्हणजे हेलपाटा वाचतो.

३. औषध ठरवताना

एमएस पूर्ण बरा करणारं औषध आज नाही, पण झटके कमी करणारी आणि नुकसान लांबवणारी औषधं बरीच आहेत. ती जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं. 'आत्ता काही त्रास नाही, मग कशाला?' हा घरातून येणारा पहिला प्रश्न असतो. उत्तर असं की त्रास नसतानाही एमआरआयवर नवे डाग उमटत राहू शकतात.

इंटरफेरॉन आणि ग्लॅटिरामर ही जुनी, घरी टोचून घ्यायची इंजेक्शनं. टेरिफ्लुनोमाइड, डायमिथाइल फ्युमरेट, फिंगोलिमॉड या तोंडी घ्यायच्या गोळ्या-कॅप्सूल. नॅटालिझुमॅब, ऑक्रेलिझुमॅब, रिटुक्सिमॅब सलाइनमधून दिली जातात. कुठलं चांगलं, याचं उत्तर तुमचा आजार किती जोरात आहे, मूल हवं आहे का आणि खिशाला काय झेपतं यावर ठरतं.

विचारायचे प्रश्न:

- सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या? रिटुक्सिमॅब किंवा ऑक्रेलिझुमॅबआधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे, टीबीचीही चौकशी करतात. नॅटालिझुमॅबसाठी जेसी विषाणूची तपासणी लागते. फिंगोलिमॉडच्या पहिल्या डोसनंतर हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून ६ तास देखरेखीखाली थांबवतात.
- लसी कधी घ्यायच्या? शक्यतो औषध सुरू होण्याआधी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी टाळतात.
- अचानक बंद केलं तर काय होतं? फिंगोलिमॉड आणि नॅटालिझुमॅब थांबवल्यावर आजार उसळून येऊ शकतो. पैसे संपले म्हणून किंवा गावी अडकलो म्हणून मध्येच सोडायची ही औषधं नव्हेत.
- बाळाचा विचार आहे, तर? टेरिफ्लुनोमाइड शरीरात दीर्घकाळ रेंगाळतं, त्यामुळे गरोदरपणाआधी ते खास औषध देऊन बाहेर काढावं लागतं.

रिटुक्सिमॅबबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्याकडे खर्चामुळे पुष्कळ जणांची गाडी इथेच येऊन थांबते. हे मुळात रक्ताच्या कर्करोगाचं औषध. त्याचं भारतीय बनावटीचं स्वस्त रूप २००७ पासून मिळतं. स्वीडनमध्येही एमएससाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरतात. मात्र ते एमएससाठी म्हणून नोंदलेलं नसल्याने विमा कंपनी 'मान्यता नसलेला उपचार' असं कारण दाखवून दावा अडवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी तीन औषधं घातली: क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि रिटुक्सिमॅब. डॉक्टरांच्या पत्रात हे एक वाक्य लिहून घ्या. वाद घालायला कागद हाताशी असलेला बरा.

इंटरफेरॉन-ग्लॅटिरामरवाल्यांनी फ्रिजचं नियोजन करावं. २ ते ८ अंश तापमान हवं, पण फ्रीझरमध्ये मुळीच नाही, कारण गोठलेलं इंजेक्शन वाया जातं. भारनियमन असलेल्या गावात मेडिकलवाल्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय होते का हे आधी विचारून ठेवा. प्रवासात बर्फाच्या पॅकला इंजेक्शन थेट चिकटू देऊ नका, मध्ये टॉवेल ठेवा.

४. रिलॅप्स कोणता आणि नुसती कुरकुर कोणती

नव्या माणसाला प्रत्येक मुंगीने धडकी भरते. हे साहजिक आहे, पण व्याख्या ठाऊक असली की झोप लागते. नवं लक्षण किंवा जुन्याचं स्पष्ट बळावणं, २४ तासांहून जास्त सलग टिकलेलं, आणि त्या काळात ताप किंवा संसर्ग नाही: हा रिलॅप्स, म्हणजेच झटका. दोन मिनिटं हात बधिर झाला आणि गेला, तर तो नाही.

संसर्ग, ताप, ऊन, जागरण यांमुळे जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. याला खोटा रिलॅप्स म्हणतात. यामागचा सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे लघवीतला जंतुसंसर्ग, आणि एमएसमध्ये जळजळ न होताही तो असू शकतो. म्हणून पाय अचानक जड झाले तर पहिली कामं दोन: थर्मामीटर लावणं आणि लघवीची तपासणी. संसर्ग निघाला तर त्याचा उपचार करा, पाय बहुधा आपोआप सुधारतात. तो न तपासता स्टिरॉइड दिलं तर उलट संसर्ग वाढण्याचा धोका.

खरा रिलॅप्स असेल तर डॉक्टर साधारणपणे मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस सलाइनमधून देतात. त्याने सुधारणा लवकर होते. पुढचा झटका मात्र त्याने टळत नाही, तो टाळण्याचं काम आधीच्या टप्प्यातल्या औषधाचं. सलाइन शक्यतो सकाळी लावून घ्या, नाहीतर रात्रभर डोळे टक्क उघडे. साखर वाढते, पित्त होतं, चिडचिड होते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की त्या आठवड्यातलं माझं बोलणं मनावर घेऊ नका.

एक सापळा इथे नक्की सांगायला हवा. काही ठिकाणी दर महिन्याला 'एक सलाइन मारून घ्या, बरं वाटेल' अशी पद्धत पडते. बरं वाटतंही. पण वारंवारच्या स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू, मधुमेह मागे लागतो. कोणी असं सुचवलं तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

५. उन्हाळा, अभ्यंगस्नान आणि थकवा

शरीराचं तापमान थोडंसं वाढलं तरी खराब झालेल्या मज्जातंतूंतून संदेश जाणं मंदावतं. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे नोंदवलं. एमआरआय येण्यापूर्वी तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का हे पाहण्याची चाचणी असे. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे तीच चाचणी फुकटात होते. कढत पाण्याने अभ्यंगस्नान झालं की मोरीतून बाहेर येताना पाय लटपटतात, डोळ्यांपुढे धूसर होतं. यात नवीन इजा होत नाही, गार झालं की उतरतं. धोका पडण्याचा आहे. तेल-उटणं जरूर लावा, पाणी कोमट घ्या, आणि मोरीत प्लास्टिकची खुर्ची ठेवा.

विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी एप्रिल-मे ची आखणी होळीलाच करावी. बँक, तहसील, दवाखाना ही कामं सकाळी लवकर. बाहेर पडताना ओला पंचा मानेवर, सोबत थंड पाण्याची बाटली. लग्नाचं आमंत्रण असेल तर मुहूर्ताला मांडवात घामाघूम होण्यापेक्षा संध्याकाळी घरी जाऊन आहेर द्यावा. कोणी नाव ठेवलं तर ठेवलं.

पंचकर्मातलं स्वेदन, म्हणजे वाफेच्या पेटीत बसवणं, हे याच कारणाने एमएसमध्ये जपून. आयुर्वेदाचे उपचार घेत असाल तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा. 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' काहीही घेताना थांबा, कारण इथे प्रतिकारशक्तीच वाट चुकलेली आहे. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांना यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या, त्यावर वादही झाले. पण टेरिफ्लुनोमाइड किंवा इंटरफेरॉन आधीच यकृतावर ताण टाकत असताना हा प्रयोग हवा कशाला?

आता थकवा. हा कामाने येणारा थकवा नाही. सकाळी उठतानाच अंगात काही उरलेलं नसतं. दिवसाची शक्ती महिनाअखेरच्या पगारासारखी वापरावी लागते: भाजी निवडणं बसून, कणीक मळणं दुसऱ्याकडे, जिना दिवसातून एकदाच. दुपारी आडवं व्हायची वेळ ठरवून घ्या आणि ती दुखणं म्हणून नव्हे, औषधाच्या वेळेसारखी पाळा. त्याचबरोबर थायरॉइड, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व तपासा. सगळं एमएसच्या माथी मारलं की बरं होण्यासारखं दुखणंही तसंच राहून जातं. व्यायाम सोडू नका. पहाटेच्या गारव्यात चालणं, पोहणं, सौम्य योगासनं यांनी थकवा कमीच होतो. सिगारेट ओढत असाल तर सोडा, धूम्रपानाने एमएस वेगाने वाढतो याचे पुरावे भक्कम आहेत.

६. ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते

लघवीची घाई, मध्येच गळणं किंवा सुरूच न होणं, बद्धकोष्ठता, शरीरसंबंधातल्या अडचणी. बायका हे सांगत नाहीत, पुरुष तर नाहीच नाही. डॉक्टर विचारतीलच असं नाही, म्हणून चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवा. सोनोग्राफीत लघवीनंतर मूत्राशयात किती उरते हे मोजतात, त्यावर औषध ठरतं. पाणी पिणं कमी करून हा प्रश्न सोडवायला जाऊ नका, संसर्ग होतो. एसटीच्या लांबच्या प्रवासात पॅड किंवा डायपर वापरण्यात काहीही कमीपणा नाही.

पाय ताठरत असतील तर बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन देतात. बॅक्लोफेन अचानक बंद करायचं नाही, हे लक्षात असू द्या. पावलाचा पुढचा भाग लोंबून अडखळत असेल तर घोट्याला आधार देणारा स्प्लिंट मिळतो. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे फिजिओथेरपी आणि अशा साधनांची सोय एकाच आवारात होते. काठी वापरायला लागेल तेव्हा वापरा. लोक गर्दीत जागा देतात, हा तिचा दुसरा उपयोग.

मन खचणं हाही एमएसचाच भाग असू शकतो. नुसतं 'सकारात्मक राहा' ऐकून ते जात नाही. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

७. पैसे आणि विमा

निदान झालेलं असताना नवी पॉलिसी घ्यायची तर आजार लपवू नका. पुढे दावा फेटाळायला विमा कंपनीला तेवढं पुरतं. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त ३ वर्षं ठेवता येतो. पण पॉलिसीच्या कागदात 'कायमस्वरूपी वगळलेले आजार' हा भाग वाचा. एमएसचा आंतरराष्ट्रीय सांकेतिक क्रमांक जी-३५ आहे. तो किंवा 'डिमायलिनेटिंग डिसीज' असे शब्द तिथे असतील तर हप्ता भरून एमएससाठी काही मिळणार नाही.

नोकरीतली समूह विमा पॉलिसी बहुधा पहिल्या दिवसापासून जुने आजार धरते. नोकरी बदलताना पगाराआधी हे विचारा.

निदानापूर्वी घेतलेली 'क्रिटिकल इलनेस' पॉलिसी घरात कुठे पडली आहे का, हेही शोधा. कधी गृहकर्जासोबत बँकेने चिकटवलेली असते. 'कायम राहिलेल्या लक्षणांसह मल्टिपल स्क्लेरोसिस' हा त्यातल्या ठरलेल्या आजारांपैकी एक आहे. मात्र हालचालीतला किंवा संवेदनेतला दोष सलग ६ महिने टिकल्याची वैद्यकीय नोंद लागते. तुमचं तारीखवार पान आणि प्रत्येक भेटीचा केसपेपर इथे कामाला येतो.

विमा नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना, म्हणजे विश्वस्त संस्थांच्या मोठ्या खासगी रुग्णालयांना, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. बिलिंग काउंटरवर याबद्दल विचारू नका. वैद्यकीय समाजसेवकांकडे जा, भरती होण्याआधी, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा नेमका उपचार बसतो का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. ही योजना ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते. औषध कंपन्यांच्याही सवलत योजना असतात, त्यांची चौकशी न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यात करा.

'निरामय' विम्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, नुसत्या एमएससाठी नाही. त्यात वेळ घालवू नका.

८. अपंगत्व प्रमाणपत्र

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत, त्यांत दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांखाली मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलंय. स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज, फोटो, सही, आधार, पत्त्याचा पुरावा, मग जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी, आणि शेवटी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लागतं.

नुसत्या निदानावर टक्के मिळत नाहीत, झालेल्या कमतरतेवर मिळतात. मंडळासमोर बसलेल्या डॉक्टरांनी एमएसचे फार रुग्ण पाहिलेले नसण्याची शक्यता धरून चला. म्हणून न्यूरॉलॉजिस्टचं ईडीएसएस असलेलं पत्र, डोळ्यांचा रिपोर्ट, मूत्राशयाचा रिपोर्ट असे सगळे कागद न्या. तिथे उसनं अवसान आणून ताठ चालायचं नाही, आणि नाटकही करायचं नाही. रोज जसं चालता तसं चाला. आजार बदलता असल्याने प्रमाणपत्र तात्पुरतं मिळू शकतं. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कार्डावर एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. रेल्वेचे सवलतीचे नियम आणि फॉर्म वेगळे आहेत, यूडीआयडी आहे म्हणजे तिकीट सवलतीत मिळेलच असं समजू नका. अपंगत्वाची आयकर वजावट जुन्या करपद्धतीत आहे, नव्यात नाही.

सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी एक कडू माहिती. एमएस २१ च्या यादीत असला तरी ४ टक्के आरक्षण देणाऱ्या कलम ३४ मध्ये त्याचं नाव नाही. प्रमाणपत्रावर चलनवलनाचं किंवा दृष्टीचं अपंगत्व नोंदलं गेलं आहे का, यावर बरंच अवलंबून राहतं. अर्ज भरण्याआधी हे तपासा. आधीच सरकारी नोकरीत असाल तर कलम २० वाचा: सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून कामावरून काढता किंवा पदावनत करता येत नाही.

९. घर, ऑफिस, लग्न

सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. घरात एक माणूस असा ठरवा ज्याला फाइल कुठे आहे, औषध कुठलं आहे, डॉक्टरांचा नंबर काय हे सगळं ठाऊक आहे. बाकीच्यांना दोन वाक्यं पुरतात: "नसांचा आजार आहे, औषध चालू आहे. उन्हात आणि जागरणाने त्रास वाढतो." अर्धांगवायू, एड्स, कर्करोग अशी भलतीच नावं उठण्याआधी ही वाक्यं आपणच पेरलेली बरी.

ऑफिसात निदानापेक्षा गरज सांगा: पंख्याजवळची जागा, तळमजला, ठरावीक दिवशी घरून काम. मागणी नेमकी असली की साहेबांनाही हो म्हणणं सोपं जातं.

लग्नाचा विषय अवघड आहे आणि त्यात माझं मत ठाम आहे. स्थळ पुढे सरकलं की, साखरपुड्याच्या आधी, सांगून टाका. मुलाच्या किंवा मुलीच्या आईबापांशी मध्यस्थामार्फत नव्हे, थेट त्या व्यक्तीशी बोला आणि शक्य असेल तर तिला एकदा न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन जा. लपवून झालेल्या लग्नात फ्रिजमधली इंजेक्शनं लपवत बसावं लागतं. एमएसमध्ये मूल होऊ शकतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झटके कमी होतात, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुन्हा वाढू शकतात. त्यामुळे बाळंतपण कुठे करायचं, रात्री बाळाला कोण बघणार, औषध पुन्हा कधी सुरू, हे आधीच ठरवायचं. आजार थेट आईकडून बाळाला जात नाही. धोका थोडा वाढतो, पण बहुसंख्य मुलांना एमएस होत नाही.

१०. आपली माणसं शोधा

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ साली मुंबईत सुरू झाली. मुंबई आणि पुण्यासह मोठ्या शहरांत तिच्या शाखा आहेत. सभासद झालात की समुपदेशन, फिजिओथेरपी आणि योगवर्ग, औषधांसाठीच्या मदतीची माहिती आणि आपल्यासारखी माणसं भेटतात. दरवर्षी ३० मे हा जागतिक एमएस दिन असतो, त्या सुमाराला होणारा कार्यक्रम ओळखी व्हायला चांगला. परदेशात असाल तर त्या देशाची राष्ट्रीय संस्था शोधा. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात त्या जुन्या आणि भक्कम आहेत.

पहिल्यांदा जाताना एक भीती असते: व्हीलचेअरवरची माणसं बघून 'आपलंही असंच होणार का?' सुरुवातीला जड जाऊ शकतं. म्हणून आधी फोनवर शाखेतल्या समुपदेशकाशी बोला आणि साधारण तुमच्याच वयाच्या, तुमच्याच टप्प्यावरच्या एका व्यक्तीशी गाठ घालून द्यायला सांगा. सभेला नंतर जा. घरच्या माणसालाही सोबत न्या. नवरे, सासवा, आया यांना एकमेकांशी बोलायला मिळालं की जे ऐकायला मिळतं, ते घरात कधीच बोललं जात नाही.

व्हॉट्सअ‍ॅप गटात शिरताना चार गोष्टी बघा. कोणी औषध किंवा 'खात्रीचा इलाज' विकतंय का? डोस एकमेकांना सांगितले जातात का? नव्याने आलेल्याला घाबरवलं जातं का? आणि प्रत्येकाची नावं-रिपोर्ट बाहेर फिरतात का? यांतलं एकही असेल तर गटातून बाहेर पडा, निरोपाचा मेसेज टाकायचीही गरज नाही. स्टेम सेलची (मूळपेशींची) जाहिरात दिसली तर विशेष सावध. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तासंबंधीच्या ठरावीक आजारांपलीकडे हा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर पैसे घेऊन देता येत नाही. काही निवडक एमएस रुग्णांसाठी मोठ्या केंद्रांत होणारं मूळपेशी प्रत्यारोपण ही वेगळी, केमोथेरपीसह होणारी, गंभीर प्रक्रिया आहे. जाहिरातीतलं 'एका इंजेक्शनात पाय मोकळे' म्हणजे ती नव्हे.

तालुक्याच्या गावात असाल तर जवळ कोणी नसेल असं धरून बसू नका. न्यूरॉलॉजिस्टला सांगा, "तुमच्या दुसऱ्या एमएसच्या पेशंटची हरकत नसेल तर माझा नंबर त्यांना द्या." त्यांचा नंबर मागायचा नाही, आपला द्यायचा. गोपनीयतेची अडचण येत नाही आणि डॉक्टरही नाही म्हणत नाहीत. फोन आला की पहिल्याच वेळी एमआरआयचे डाग मोजायला बसू नका. इंजेक्शन कुठून आणता, कोणता मेडिकलवाला बर्फात नीट बांधून देतो, सिव्हिलला अपंगत्वाची तपासणी कुठल्या वारी असते, हे विचारा.